शेवटच्या पानावरून वाचणारे साडू

माझ्या साडूंइतका उलट्या बाजूने जगलेला माणूस साऱ्या सोलापुरात दुसरा नसेल. त्यांची सारी नोकरी एका टॉवेल कारखान्याच्या तपासणी विभागात गेली. गठ्ठा समोर आला की वरच्या टॉवेलकडे बघायचंसुद्धा नाही, थेट तळाला हात घालायचा. "वरचा माल दाखवायला असतोय, साडूभाऊ. खरा माल तळाला. तितं बघा की," असं ते मला सांगत. निवृत्तीनंतर गठ्ठे संपले, पण हाताची सवय राहिली. जेवताना कडक भाकरीची चळत पुढे आली की ते सर्वांत खालची ओढत आणि वरच्या चार मोडत. एकदा बाजारात त्यांनी ढिगाच्या बुडातलं कलिंगड निवडलं. मग कलिंगडवाला, मी आणि साडू असे तिघं म्हातारे रस्त्यावर कलिंगडांमागे धावत सुटलो. "पाव्हणं, खाली काय सोनं पुरलंय व्हय?" कलिंगडवाला ओरडला. साडूंनी बगलेतलं कलिंगड बोटाने वाजवून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हेच द्या."

आमच्या पेठेतल्या वाचनालयाचा मी चिटणीस होतो. सभासदांची नोंदवही कॉम्प्युटरवर घ्यायची ठरली तेव्हा साडूंनी आपण होऊन काम अंगावर घेतलं आणि इंग्रजीचा शब्दकोश शेजारी ठेवून ते प्रोग्राम लिहायला शिकले. प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी माहितीच्या साइट असतात. तिथल्या चौकटीत शब्द टाकला की उत्तरांची लांबलचक यादी येते आणि सगळं जग त्यातलं पहिलं उत्तर उघडतं. साडू यादीचं शेवटचं पान उघडत. त्यामुळे नावं ओळीने कशी लावायची हे शोधायला ते बसले आणि तुर्की लिपीत टिंब नसलेलं ‘आय’ हे एक अक्षर असतं ही माहिती घेऊन उठले. तारखेबद्दल विचारलं तर कुठल्याशा बेटावर घड्याळं कधी मागे घेतात ते कळलं. एकदा तर "हे पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे" एवढंच लिहिलेलं पान सापडलं. "किती प्रामाणिक लोक हायत!" म्हणून त्यांनी ते मला तीनदा दाखवलं. एखाद्या जुन्या आज्ञेवर "ही आता वापरू नये" अशी पट्टी दिसली की ते हळहळत. "रिटायर केलंय बिचारीला," म्हणत आणि ते पान मात्र अथपासून इतिपर्यंत वाचून काढत. आठवड्याचं काम या रीतीने वर्षभर चाललं. पण नोंदवही उत्तम झाली. सभासदाचं नाव टाकलं की त्याच्याकडे कोणतं पुस्तक आहे ते लगेच दिसे.

मग वहीत काही नावं दोनदा पडल्याचं लक्षात आलं. जादा नावं पुसायची आज्ञा साडू शोधू लागले. चौथ्या दिवशी त्यांना अगदी शेवटच्या पानावर कुणा जुन्या वापरणाऱ्याने लिहिलेली सूचना सापडली : आधी वहीची नक्कल काढा, कारण कोणती नावं पुसायची ही अट लिहायची राहिली, तर सगळंच जातं. साडूंनी ती मराठीत लिहून कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवली आणि "परत आलो की नक्कल काढतो, तोवर हात लावू नका," असं बजावून भाचीच्या लग्नाला वैरागला गेले.

मला वार्षिक सभेची घाई होती. दुपारी वाचनालय बंद असताना मी कॉम्प्युटरपुढे बसलो, तोच शब्द टाकला आणि शहाण्या माणसासारखं पहिलं उत्तर उघडलं. आज्ञा जशीच्या तशी उतरवली. अट लिहिली नाही. वही कोरी झाली. ते पान मात्र कुणी मुद्दाम कोरं ठेवलं नव्हतं. चिकटवलेला कागद माझ्या नाकासमोर होता. मी तो काढून खिशात घातला.

वही कोरी झाल्याचं सभेत सांगावं लागलं, तेव्हा एकजण म्हणाला, "उलटं वाचणाऱ्याच्या हातात मशीन दिल्यावर दुसरं काय व्हणार?" सगळे हसले. मीही हसलो. हे लिहायला मला सहा वर्षं लागली. साडू उभे राहिले. ते माझ्यावर चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते म्हणाले, "माझ्याच हातनं कायतरी ऱ्हायलं असंल. जायच्या गडबडीत होतो." मग कपाटातल्या जुन्या कागदी वह्या काढून त्यांनी एका बोटाने सगळी नावं पुन्हा उतरवली. दोन महिने रोज मी त्यांना चहा नेऊन देत होतो. काम संपल्यावर त्यांनी आपल्याजवळची वाचनालयाची किल्ली माझ्या हातात ठेवली. त्या शोधाच्या चौकटीकडे ते पुन्हा फिरकले नाहीत.

परवा आमच्याकडे जेवायला आले होते. भाकरीची चळत पुढे केली. त्यांनी सर्वांत वरची घेतली. बायको म्हणाली, "बघा, भावोजी सुधारले." त्याच रात्री मी हे लिहायला बसलो.

वाचनालयाच्या अंकात हे छापायला देतो आहे. तो कागदही अजून माझ्याजवळ आहे, तो फळ्यावर लावीन. छापलेला मजकूर तेवढा साडू अजून शेवटच्या ओळीपासून वाचतात. म्हणून त्यांच्यासाठीची ओळ मी इथे, तळाला ठेवली आहे.

साडूभाऊ, वही मी पुसली. तुमचा हात बरोबर जागी होता.