खोळ आणि खोय

माझी थोरली लेक झाली तेव्हा मी विशीत होते आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं, अशी माझी पक्की समजूत होती. ती समजूत अजूनही फारशी ढळलेली नाही. पण धुळ्याच्या त्या हिवाळ्यात ती पहिल्यांदा खरी ठरली, म्हणून ही आठवण मी जरा मिरवतच सांगणार आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, जळगावला झालं. मेहरूणच्या बाजूला आमचं घर होतं. वडील एका मारवाडी शेठजींच्या कापडाच्या दुकानात गुमास्ते होते, त्यामुळे माझं लहानपण चिंध्यांत गेलं. मांजरपाट, फलालीन, धुवट खादी, सगळं मला डोळे मिटून बोटांनी ओळखता येई. कोणतं कापड धुतल्यावर आटेल, कोणतं टोचेल, कोणाचे तंतू सुटतील, हे मी बघताक्षणी सांगत असे. कोणी विचारलं नाही तरी सांगत असे.

थंडी पडायच्या सुमाराला मुलीला मांडीवर घेऊन मी एस.टी.नं धुळ्याला सासरी आले. तेव्हा जळगाव पूर्व खानदेशात आणि धुळे पश्चिम खानदेशात मोडत असे, आणि मला तर ते दोन वेगळे मुलूखच वाटत. सासरी माणसं मोजकीच. हे कचेरीत कारकून, आणि सासूबाई. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणे. अक्का साक्रीकडच्या खेड्यातल्या. त्यांची बोली अहिराणी आणि माझी शाळेतली मराठी. आम्हाला एकमेकींचं सगळं कळतं असं आम्ही दोघी धरून चाललो होतो. पुढचा घोटाळा त्यातूनच झाला.

भाड्याच्या दोन खोल्या, वर पत्रा. पत्रा दिवसा भाजायचा आणि दिवस मावळला की असा गार पडायचा, की वरून थंडी गळते आहे असं वाटे. आणि माझी लेक म्हणजे जन्माचीच लाथाळ. दुपटं घाला, शाल घाला, डोळा लागायच्या आत सगळं पायांशी गोळा झालेलं असे. यावर अक्कांचा उपाय एकच, त्यांनी स्वतः शिवलेली गोधडी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून केलेली ती गोधडी मला उचलताना दम लागे. तिच्याखाली लाथ मारायची बिशाद नव्हती.

एका सकाळी उठून बघते तर लेक दिसेचना. गोधडी होती, लेक नव्हती. ती वळवळत वळवळत आत सरकली होती. मी गोधडी ओढून फेकली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, जावळ घामानं चिकटलं होतं आणि ती तोंड उघडून श्वास शोधत होती. तिला छातीशी धरून मी जाहीर करून टाकलं, "आजपासून ही गोधडी माझ्या मुलीच्या अंगावर पडणार नाही."

"थंडी लागी जाई तिले," अक्का म्हणाल्या.

"थंडीनं सर्दी होईल. हिनं जीव जाईल."

"थंडीनीबी जीव जास," अक्का म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

मला वाटलं, म्हातारी उगाच शब्दाला शब्द वाढवते आहे. मग दुपट्यात घट्ट बांधून निजवायचा प्रयोग झाला. हातपाय आवळले की ही बाई गल्ली जागी करायची. अक्कांनी खोलीत कोळशाची शेगडी ठेवायचं काढलं. दारं बंद करून कोळसा पेटवायचा म्हणताच मी इतकी भांडले, की हे वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर जाऊन बसले. तेवढ्यात लेकीला खरंच सर्दी झाली. नाक वाहायला लागलं, छाती घुरघुरायला लागली, आणि अक्कांना कोलीत मिळालं.

"बस झायं. ह्या आठवडामा काही जमनं ते जमनं. नहीते पोर मनाजोडे निजी, मनी गोधडीमा."

त्या असं काही ठरवल्यावर मागे हटणाऱ्या नव्हत्या, आणि 'अक्का म्हणतात तर' असं म्हणणारा मुलगा त्यांना होता. म्हणजे माझी लेक माझ्यापासून उचलून त्याच गोधडीखाली जाणार होती. मला रात्री अंथरुणाला पाठ टेकवेना. मी जळगावला परत जायचाही विचार केला, पण ही हार मला नको होती.

युक्ती मला गादीनं सुचवली. धुतलेली खोळ गादीला चढवायला मी खाली पसरली होती. लेकीला कडेला ठेवलं तर ती सरकत आली आणि तिचे दोन्ही पाय खोळीत गेले. आत ती मनसोक्त लाथा मारू लागली. खोळ हलत होती, फुगत होती, पण पायांवरून निघत नव्हती. तिचं तोंड बाहेर, हात बाहेर, स्वारी खुशीत. मी जागच्या जागी टाळी वाजवली.

"अक्का, आपण हिला खोळ शिवू या! खोळीत निजली की मारू दे किती लाथा मारायच्या त्या. पांघरूण निघणारच नाही."

मी भांडणाच्या तयारीतच होते. पण अक्कांचा चेहरा उजळला, जणू हे त्या केव्हापासून सांगत होत्या. "हाई ते मी कवयपाईन म्हनस! लेकरूले खोयच पाहिजे. दे कापड, मी सोता शिंपीकडे जास."

सासू एका वाक्यात मान्य करते म्हटल्यावर खरं तर मला संशय यायला हवा होता. उलट मी हरखले. जळगावहून आणलेला पांढऱ्या, उबदार लवेच्या फलालिनीचा तुकडा पेटीतून काढला आणि त्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अक्का विजयी मुद्रेनं परत आल्या आणि त्यांनी ती वस्तू माझ्यासमोर झटकून धरली. मी बघतच राहिले. वरची बाजू शिवून बंद केलेली, टोकदार, कपाळावर ओघळणारी. दोन्ही कडांनी कंबरेपर्यंत उतरलेली. आणि खालून सताड उघडी. डोकं आत, पाय बाहेर. मला हवं होतं त्याच्या बरोब्बर उलट.

"अक्का, हे काय?"

"खोय शे. डोकं, कान, बठ्ठं झाकाई गयं."

"आणि पाय?"

"पायवर गोधडी शे ना!"

तेव्हा कुठे उलगडा झाला. माझ्या लेखी खोळ म्हणजे गादीला, उशीला घालतात ती. अक्कांच्या गावात पावसात शेताकडे निघालेला माणूस घोंगडीचा एक कोपरा दुमडून डोक्यावर घेतो, ती खोळ. त्यांच्या जिभेवर ळ नाहीच, म्हणून खोय. शब्द एक, आणि दोघींनी मान डोलवली ती दोन वेगळ्या गोष्टींना. हे ओट्यावरून आत डोकावले आणि खो खो हसायला लागले. मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते हसू गिळून पुन्हा बाहेर गेले. माझी फलालीन गेली होती आणि आठवड्यातले दिवस चालले होते. मला रडू आलं, पण मी ते रागात लपवलं.

अक्का मात्र मागे हटेनात. थंडी डोक्यातूनच शिरते म्हणत होत्या. "ठीक आहे," मी म्हटलं, "उद्या दुपारी हिला यात निजवा. दिवसाउजेडी, माझ्या डोळ्यांसमोर."

दुपारी अक्कांनी मोठ्या हौसेनं लेकीला ती खोय घातली. लेकीनं एकदा मान इकडे केली, एकदा तिकडे केली, पाय झाडून जरा खाली सरकली आणि टोपीचं टोक थेट नाकावर आलं. ती फुरफुरली. तिनं तोंड उघडलं तर तोंडात फलालीन, ओठांवर तिचे तंतू. मी उठायच्या आत अक्कांनीच झडप घालून ती काढली आणि पोरीला खांद्यावर घेतलं. ती खोय त्यांनी कोपऱ्यात भिरकावली.

मग म्हणाल्या, "कर तुना मनसारखं. पन एक सांगस. सकायले मी तिना पायले हात लावसु. पाय थंडा लागना ते पोर मनाजोडे."

"कबूल," मी म्हटलं.

आता शिंप्याकडे जायचं नव्हतं. कापडाची निवड माझी, शिवण माझी. फलालिनीचे तंतू तोंडात जातात हे दिसलंच होतं, ती बाद. ह्यांनी जुना लोकरीचा मफलर देऊ केला. तो मी माझ्याच मानेला घासून बघितला आणि खाजवत परत केला. आत कापूस भरावा तर पोर भिजवणार, आणि कापसाची पिशवी धुळ्याच्या थंडीत दोन दिवस वाळणार नाही. शेवटी बाहेरून बऱ्याचदा धुऊन मऊ पडलेली खादी घ्यायची ठरवली. आतून मात्र त्याहून मऊ काहीतरी हवं होतं. मी अक्कांपुढे उभी राहिले आणि त्यांचं जुनं लुगडं मागितलं. त्यांनी डोळे बारीक केले, पण आतून सगळ्यात विरलेलं, सायीसारखं मऊ झालेलं लुगडं काढून दिलं. त्याचे मी तीन थर घेतले आणि गोधडीचे टाके घालून खादीला जोडले. टाके घालताना अक्का लांबून बघत होत्या. एका जागी मी टाका लांब घातला तेव्हा त्यांच्या तोंडून "अं हं" निघालं. मी उसवून लहान घातला.

आता आकार. गळा एवढाच, की दोन बोटं आत जावीत पण डोकं आत जाऊ नये. हातांना भोकं, तीही बेताची, नाहीतर ती त्यातून खाली घसरली असती. टोपी नाही, नाडी नाही, झालर नाही, टाचणी नाही. खांद्यावर कापडाच्या घट्ट गुंड्या. छातीशी अंगाबरोबर, आणि खाली ऐसपैस घेर, म्हणजे पाय हवे तसे झाडता यावेत. तळ बंद. पहिल्यांदा गळा सैल झाला. लेकीला आत घालून मी पायांकडून पिशवी वर सरकवली तर गळा हनुवटीवर आला. उसवला. पुन्हा शिवला. पुन्हा सरकवून पाहिली, आता गळा हलेना. लेक मात्र या सगळ्या ओढाओढीला खेळ समजून खिदळत होती.

आठवडा संपत आला आणि नेमकं शेवटच्या दिवशी हिव पडलं. वारा असा सुटला, की संध्याकाळीच गल्ली रिकामी झाली. मी लेकीला दूध पाजलं, पिशवीत घातलं, गुंड्या लावल्या आणि माझ्या शेजारी उताणी निजवली. झबल्यावर ती पिशवी, त्यावर आणखी पांघरूण घातलं नाही. झोप मला आलीच नाही. ओठ पुटपुटत होते, देवाला की पिशवीला कोण जाणे.

फटफटायच्या वेळी अक्का आल्या. माठातल्या पाण्यात हात घालवत नव्हता, अशी ती सकाळ. त्यांनी आधी हात काखेत धरून ऊब आणली, मग वाकून वरची एक गुंडी काढली आणि हात आत घातला. खोल, थेट पायांपर्यंत. लेकीचा चेहरा मोकळा, गाल थंड वाऱ्यानं जरा गुलाबी, श्वास एका लयीत. अक्कांचा हात आतच राहिला. त्या तो काढेचनात.

"अक्का?"

"गरम शेतस," त्या म्हणाल्या. "दोन्ही पाय गरम शेतस."

आणि त्या तिथेच जमिनीवर बसल्या. हात अजून पिशवीतच. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

"तुना नवराना पहिले एक व्हता मना," त्या म्हणाल्या. "त्यालेबी लाथा माराणी सवय व्हती. सकायले मी दखं ते पांघरून बाजूले, आनि पाय थंडागार."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ह्यांनाही माहीत नव्हतं, असं पुढे कळलं. ती गोधडी इतकी जड का झाली होती, ते मला त्या क्षणी समजलं. त्या थंडीला घाबरत होत्या, मी गुदमरण्याला, आणि दोघींचंही भय खरं होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सासूच्या खांद्यावर मी पहिल्यांदाच हात ठेवत होते. त्यांनी तो झटकला नाही.

पण खरं सांगू? दुःखाच्या मागोमाग मला असा आनंद झाला, की ओरडावंसं वाटलं. माझी लेक उबेत होती, तिचं नाक मोकळं होतं आणि ती माझ्या शेजारी होती. मी जिंकले होते, आणि जिंकताना कोणी हरलंही नव्हतं.

ऊन आल्यावर अक्कांनी लेकीला पिशवीसकट उचललं आणि गल्लीत उन्हाला नेऊन बसल्या. बाया जमल्या. "हात घाली दखा," अक्का प्रत्येकीला सांगत होत्या, आणि प्रत्येक बाई आपला गारठलेला हात आत घालत होती, आणि लेक प्रत्येक वेळी किंचाळत होती. मला दारातून दिसत होतं. एरवी मी धावले असते, पण त्या सकाळी मी कोणाला अडवलं नाही.

एकीनं पिशवीचे टाके निरखून विचारलं, "अक्का, तुम्ही शिवी का हाई?"

अक्कांनी नातीच्या हनुवटीखालचा गळा दोन बोटं घालून एकदा तपासला.

"मी कसाले?" त्या म्हणाल्या. "तिनी मायनी शिवी."