टीमचे कॅप्टन, आमचे व्याही

आमच्या व्याह्यांइतका वाईट गोल्फ खेळणारा माणूस अख्ख्या विदर्भात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका कडक कॅप्टनही सापडायचा नाही. पंचाईत एवढीच, की हे दोघंही एकाच सफारी सुटात राहतात. मुलगी आर्वीला दिली तेव्हा आम्ही मुलगा पाहिला, घर पाहिलं, वावर पाहिलं, कापसाचा व्यापार पाहिला. सासऱ्याला गोल्फचा नाद आहे हे काही कुणी सांगितलं नाही. पत्रिकेत तसलं दिसत नसावं. लग्नाचा मांडव उतरला नव्हता तोच त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, झालं, आता मानपानाचं काहीतरी काढतात. तर माझ्या दंडाला हात लावून पाहत म्हणाले, "इवाई, तुमचे खांदे चांगले हायेत. जानेवारीत मोकये असता ना?" आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात, आणि मुलीच्या बापाने इवायाला नाही म्हणायचं नसतं. पाटबंधारे खात्यातून नुकताच निवृत्त झालेला, उभ्या जन्मात विटीदांडूपलीकडे काही न खेळलेला मी असा गोल्फच्या टीममध्ये भरती झालो. "दुसरं काही मागितलं नाही ना, मग जा गुमान," असं म्हणून आमच्या हिने माझा स्वेटर काढून दिला.

व्याह्यांच्या घरात गोल्फ शिरलं कसं, हे विहीणबाईंच्या तोंडून ऐकावं. पुलगावच्या लष्करी डेपोतले कुणी साहेब बदली होऊन निघाले होते आणि घरचं सामान विकत होते. विहीणबाईंनी यांना फ्रिज आणायला पाठवलं. हे संध्याकाळी परतले ते जीपमध्ये एक लांबलचक चामडी पिशवी आणि तिच्यात लोखंडी काठ्या घेऊन. "फ्रिज काऊन नाई आनला?" तर म्हणे, "अवं, फ्रिज पाह्यलाच नाई. त्या साहेबानं मले एक टोला मारून दाखवला. काय सांगू तुले! चेंडू दिसेनासाच झाला." तो उन्हाळा त्या घराने माठाच्या पाण्यावर काढला. पुढे सोयाबीन निघालं की रिकाम्या वावरात हे सकाळी सकाळी उभे. डोक्याला मफलर, अंगात पांढरा सफारी, पायात कॅनव्हासचे जोडे. चेंडू जागच्या जागी राहायचा आणि ढेकूळ बांधापलीकडे जायचं. शेजारच्या वावरातल्या बाया पहिल्या दिवशी साप निघाला समजून धावत आल्या. नंतर त्यांना सवय झाली, जाता जाता नुसतं विचारायच्या, "मेला का जी?" व्याहीही तितक्याच गंभीरपणे सांगायचे, "नाई व बाई, अजून नाई."

खेळायला आम्ही वर्षातून एकदाच जायचो, सातपुड्यातल्या एका थंड हवेच्या गावी. तिथे इंग्रजांच्या वेळचं मैदान आहे. त्याच आठवड्यात नागपूरचे चार निवृत्त बँकवाले तिथे यायचे, आणि त्यांच्याशी आमचा सामना व्हायचा. जिंकणाऱ्याला पितळी गडू. बरोबरी झाली तर गडू आधी ज्यांच्याकडे असेल त्यांच्याकडेच राहायचा, आणि तो नेहमी नागपूरकरांकडेच असायचा. आमच्या टीममध्ये व्याही, मी, सिंदी मेघेचे एक दातांचे डॉक्टर आणि वसंतराव. वसंतराव म्हणजे व्याह्यांचे शाळेपासूनचे दोस्त, एका बाकावर बसलेले. आर्वीत त्यांचं कापडाचं दुकान, व्याह्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. अतिशय शांत माणूस. व्याही दिवसभर जेवढं बोलत तेवढं वसंतराव वर्षाला बोलत असतील. पण चेंडू सरळ कुणाचा जात असेल तर तो त्यांचाच जायचा, आणि त्याबद्दल व्याही त्यांना रागावायचे. "वसंता, लेका, कॅप्टनच्या पुढे नेऊन ठेवतं का बे चेंडू? काई लाजगीज?" वसंतराव हसायचे आणि व्याह्यांचा चेंडू शोधायला झुडपात शिरायचे.

कॅप्टन म्हणून व्याह्यांची शिस्त फार. ज्याचा चेंडू नाल्यात गेला त्यानेच उतरायचं. टोला मारताना शिंकायचं नाही. डॉक्टर एकदा शिंकले तर व्याह्यांनी त्यांना परत तिथे उभं करून "आता शिंका, पाहू कोन मारते ते," असं सुनावलं. एकदा एका वानराने माझा चेंडू उचलून झाडावर नेला. नियमाच्या पुस्तकात वानर नाही, म्हणून व्याह्यांनी मला झाडाखाली उभं करून ठेवलं. "तो टाकन तथूनच मारा इवाई." ते वानर काही टाकेना, आणि मी मुलीचा बाप, मला हलता येईना. शेवटी वसंतरावांनी त्याच्याकडे एक केळं फेकलं तेव्हा माझी सुटका झाली.

दरवर्षी आम्ही हरायचो. दरवर्षी परतताना पांढुर्ण्याच्या टपरीवर चहा घेताना व्याही आम्हा तिघांनाही टीममधून काढून टाकायचे. चांगले ओरडून, टपरीवाल्याला साक्षीला धरून. "हे बंद! सबन बंद! पुढच्या साली मी एकटाच येतो." आणि दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन घरोघर यायचे, सोनं हातात ठेवायचे, पाठीवर थाप मारायचे आणि म्हणायचे, "चाल, घेतलं तुले." वसंतरावांकडे ते सगळ्यात आधी जायचे आणि तिथेच जेवायचे. वर्ध्याकडच्या आम्हा दोघांना ते फोनवरच घ्यायचे, आणि मला फोन यायचा तोवर त्यांचा आवाज पुरणपोळीने जड झालेला असायचा.

तीन वर्षांपूर्वी आम्ही जिंकत होतो. मलाही खरं वाटत नव्हतं, पण शेवटच्या होलवर वसंतरावांचा एक टोला राहिला होता आणि तो गेला की गडू आमचा. त्या मैदानावर होलभोवती हिरवळ नाही, तेल मारलेली वाळू आहे. वसंतराव वाकले, त्यांनी टोला दिला, चेंडू घरंगळत गेला आणि भोकात पडला. व्याह्यांनी मला उचललं. खरंच उचललं, पाय जमिनीवर नव्हते माझे. नागपूरकर टाळ्या वाजवत उठले. आणि वसंतराव म्हणाले, "थांबा. माया एक टोला जास्त धरा. मारायच्या आंधी काठी लागली होती चेंडूले. थोडुसा हालला." कुणी पाहिलं नव्हतं. कुणालाही कळलं नसतं. त्या एका टोल्याने बरोबरी झाली आणि गडू नागपूरला गेला.

पांढुर्ण्याला चहा आला. आम्ही ओरडा ऐकायच्या तयारीत बसलो. व्याही ओरडले नाहीत. मला आणि डॉक्टरांना तर काही बोललेच नाहीत. कप खाली ठेवून हलक्या आवाजात एवढंच म्हणाले, "वसंता, तू आता नको येत जाऊ." तेव्हाच आम्हाला समजलं, की हे नेहमीचं काढणं नाही. वसंतरावांनी मान हलवली.

त्या दसऱ्याला मला फोन आला, सोनं घ्या म्हणाले, तुम्हाला घेतलं म्हणाले. मी विचारलं, "आणि वसंतराव?" "पाहू," म्हणाले आणि फोन ठेवला. दिवाळी झाली आणि त्यानंतर लवकरच एका सकाळी दुकान उघडताना वसंतराव गेले. कुलूप उघडलं होतं, शटर वर करायचं राहिलं होतं. व्याह्यांनी खांदा दिला, सगळं निस्तरलं, आणि घरी येऊन ती चामडी पिशवी माळ्यावर टाकली. माझी मुलगी सांगत होती, "बाबा, मामंजी जेवतात, झोपतात, बाजारात जातात, पण बोलतच नाहीत हो." ज्या घरात त्यांच्या बोलण्याने विहीणबाई कानात कापूस घालायच्या, त्या घरात आता घड्याळ ऐकू यायचं. मला फार वाईट वाटलं. या माणसाला मी घाबरायचो, त्याची थट्टा करायचो, पण त्याचं असं गप्प होणं मला सोसेना.

दोन जानेवारी तसेच गेले. मग यंदा वसंतरावांच्या पत्नी, कुसुमवहिनी, व्याह्यांच्या दारात आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुमी लोकं जात नाई का आता तथी?" व्याही म्हणाले, "नाई." "मंग एकडाव मले घेऊन चला. इतले साल जात होते हे, मी कधी पाह्यलं नाई कुठी जातेत ते." व्याह्यांना नाही म्हणता आलं नाही.

असे व्याही, डॉक्टर, मी आणि वहिनी गेलो. पिशवी घेतली नव्हती. वहिनी पुढच्या सीटवर, मांडीवर कापडात बांधलेला डबा. मैदानावर नागपूरकर होते. त्यांनी टोप्या काढून नमस्कार केला आणि ते बाजूला झाले. व्याह्यांनी वहिनींना सगळं मैदान फिरवून दाखवलं. नाला दाखवला, वानरांचं झाड दाखवलं. शेवटच्या होलपाशी वहिनींनी विचारलं, "अथीच का?" व्याह्यांनी मान हलवली. मग एकदम म्हणाले, "वहिनी, मी काढलं होतं त्याले टीममधून. दरसालसारखं नाई. खरंच काढलं होतं. त्यानं सांगतलं होतं का तुमाले?"

"सांगतलं होतं."

"काय म्हने?"

मी मनातल्या मनात हात जोडले. बाई, म्हणा की ते हसले. म्हणा की त्यांनी मनावर घेतलं नाही. एवढं खोटं बोललात तर कुणाचं काय जाणार आहे? डॉक्टरही खाली पाहत होते. पण वसंतरावांची बायको ती.

"लय लागलं होतं त्याईले," वहिनी म्हणाल्या. "खरं सांगतलं यात माया काय चुकलं, असं एकडाव म्हने. दसऱ्याले नवा सदरा घालून सकायपासून ओट्यावर बसले. ताट वाढलं तं म्हने, थांब, तो आत्ता येईन, त्याच्यासंगच बसतो. दिवे लागले तरी उठले नाई. मंग मीच ताट झाकून ठेवलं."

व्याही मटकन त्या वाळूत बसले. पांढऱ्या सफारीला तेल लागलं तरी त्यांना कळलं नाही. "मी आलतो वहिनी," ते म्हणाले. "गल्लीच्या तोंडापावतर आलतो. सोनं होतं खिशात. तथूनच परतलो."

"काऊन परतले?"

"मले वाटे, त्यानं यावं." आणि मग हा माणूस, ज्याच्या आवाजाला सगळी आर्वी ओळखते, लहान लेकरासारखा हमसून हमसून रडला.

वहिनींनी त्यांना रडू दिलं. उगी म्हटलं नाही, जाऊ द्या म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "राग हाय मले तुमचा. खोटं काऊन सांगू? पन दोन सालापासून मनात ठेवून राह्यली होती हे. तुमच्यापाशी नाई बोलाव तं कोनापाशी बोलाव? त्याईले लहानपनापासून ओयखनारं आता दुसरं हाय कोन?"

मग त्या तिथेच बसल्या आणि त्यांनी डब्याचं कापड सोडलं. भाकरी होती, चून म्हणजे आमच्याकडचं पिठलं होतं, कांदा होता. एका भाकरीवर चून घालून त्यांनी ती व्याह्यांपुढे धरली. "घ्या. त्याईचं तुमच्यासंग जेवाचं राह्यलं होतं. त्याईच्या जागी मी बसते."

व्याह्यांना मी पुष्कळ पंगतींत पाहिलंय. आग्रह करकरून लोकांना वाढणारा, स्वतः 'आता बस, आता बस' म्हणत हात आडवा धरणारा माणूस. त्या दिवशी त्यांनी मान खाली घालून एकेक घास गिळला. डोळ्यांतलं पाणी भाकरीवर पडत होतं. वहिनी आणखी वाढत होत्या, आणि ते नको म्हणत नव्हते.