शेजारी बसणाऱ्यांचे ईसीजी

कोल्हापुरात हृदयाच्या दवाखान्यात मी ईसीजी काढायला लागले त्याला आता बरीच वर्षं झाली. ईसीजीच्या पट्ट्या फायलीत गेल्या, माणसं मात्र माझ्या डोक्यातच राहिली. लग्नाच्या पंगतीत बसले तरी एखादा किस्सा निघतोच.

एक क्लार्क होते. सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात टाकलं नव्हतं. फॉर्मवर ‘व्यसन’ समोर त्यांनी ‘निरंक’ लिहिलं. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्या बघून वाटतं रोज पाकीटभर ओढता.

“मी न्हाय, साहेब. शेजारचं टेबल ओढतंय. अठरा वर्षं झाली.”

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, टेबल बदलायची चिठ्ठीही दिली. टेबल बदललं. तिथला साहेब सिगारेटवाला निघाला!

बायकांची तऱ्हा निराळी. घरात विडी कोण ओढतं विचारलं की म्हणणार, कुणी न्हाय. आणि नवरा शेजारीच उभा, खिशातून बंडल डोकावतंय! मग मी नवऱ्याला केसपेपर आणायला पिटाळायची. तो दाराबाहेर गेला की बाई बोलायची.

नेसरीची गंगव्वा तेव्हाही बोलली नाही. तिचे मालक शिवाप्पामामा परत आले आणि आपणहून म्हणाले, चाळीस वर्षं मीच ओढतोय की, हिच्या शेजारी बसून. गंगव्वाच्या हृदयाच्या दोन नसा अरुंद झाल्या होत्या. डॉक्टरांनी औषधं सुरू केली, छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी दिली आणि मामांना बजावलं, सोडता येत नसेल तर निदान घराबाहेर ओढा.

मामांनी गोळ्यांची बाटली विडीच्याच खिशात टाकली. म्हणाले, विडी कधी विसरत न्हाय, म्हंजे हेबी विसरणार न्हाय.

तीन महिन्यांनी गंगव्वा आली ती धापा टाकतच. मी मामांना चांगलंच झापलं. ते काकुळतीनं सांगत होते, घरात एक पेटवली न्हाय, ओट्यावर जाऊनच ओढतो. मग गंगव्वाच हळू आवाजात बोलली.

“बाहेर एकटंच बसत्यात, बाई. एकटं बसायची सवय न्हाय त्यांस्नी. म्हणून मी जाऊन बसते शेजारी.”

आता रागवायचं तरी कुणाला? मला रडू आलं, मी मशीन पुसत बसले. मामा सोडतो म्हणाले, पण त्यांना ते जमलं नाही. वर्षाच्या आत गंगव्वा गेली.

महिन्याभरानं मामा एकटेच आले. गोळ्यांची बाटली टेबलावर ठेवली, कुणाच्यातरी उपयोगी पडंल म्हणाले. मी त्यांच्या खिशाकडं बघितलं. बंडल नव्हतं. सुटली का, मी विचारलं.

“विडी सुटली, बाई. ती गेली त्याच दिवशी. ओट्यावर बसायचं सुटंना.”