विझलेल्या आगीचा फोटो

माझा फोटो आयुष्यात एकदाच माणसाएवढा छापून आला, आणि त्याची नुसती आठवण निघाली तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो. लग्नातसुद्धा आमचा एवढा मोठा फोटो नव्हता.

सौंसरकडचं आमचं शेत अगदी जंगलाला लागून. मधात एक कोरडा नाला, पलीकडे सागवान, अलीकडे आमचा संत्र्याचा बगीचा. मी अन् माझ्या नवऱ्यानं हातानं लावलेला. पहिले दोन उन्हाळे विहीर आटली तेव्हा डोक्यावर पितळी गुंडानं पाणी आणून मी एकेका कलमाच्या बुडाशी ओतलं. शेजारणी हसायच्या, म्हणायच्या, "पोरांले एवढं पाजलं नसन तुनं." त्या वर्षी झाडं पहिल्यांदा बहारावर आली होती. बोराएवढी हिरवी फळं लागली होती. नवरा रोज सकाळी जाऊन नुसता बघत बसायचा. तो कमीच बोलतो. बोलायचं काम माझ्याकडे.

उन्हाळ्यात सागाचा पाला घोटाभर साचतो. मोह वेचणारे झाडाखालचा पाला पेटवून देतात, फुलं नीट दिसावी म्हणून, अन् आग तशीच सोडून घरी जातात. मीसुद्धा मोह वेचते, खराट्यानं झाडून. हात काही झडले नाहीत माझे. म्हणूनच जंगलखातं दरवर्षी पाला हटवून एक पट्टी साफ करतं. तिला आमच्याकडे फायर लाईन म्हणतात. मधात पाला नसला की आग तिथंच थांबते, साधी गोष्ट आहे. पण ती पट्टी साफ झाली डांबरी रस्त्याच्या कडेनं, जिथून साहेबांची गाडी जाते. पाठीवर पाला उडवायचे ब्लोअर बांधून माणसांनी तिथली जमीन अशी चकाचक केली की पंगत बसवावी. आमच्या नाल्याकडे कोणी फिरकलं नाही.

होळीच्या आधी मी नाकेदाराला रस्त्यात गाठलं. नाकेदार म्हणजे जंगलखात्याचा आमच्या भागातला माणूस, आग लागली की पहिला जाब त्यालाच.

"साहेब, नाल्याकडची लाईन कधी करता? पाला पाहा किती साचला."

"होऊन जाईल, भाभी. टेन्शन नका घेऊ."

"टेन्शन नाही घेऊन राहिली, लाईन मागून राहिली."

तो हसला. माणूस वाईट नव्हता. बदलून आलेला, कितीतरी गावांचं जंगल एकट्याच्या गळ्यात. पण त्याच्या हसण्यानं पाला काही हलला नाही. शेवटी नवऱ्यानं बगीच्याच्या कडेनं स्वतःच वखर फिरवला, जमला तेवढा. नाल्याची बाजू खडकाळ, तिथं वखर चालत नाही.

आग दुपारी लागली. मोहाच्या झाडाखालून निघाली, टेकडीवर चढली, अन् वारा फिरला तशी खाली नाल्याकडे वळली. पाल्याची आग उंच नसते, सरपटत येते, म्हणून लांबून पाहणाऱ्याला वाटतं काही नाही. नवरा कडुनिंबाची फांदी तोडून आग झोडपायला धावला. जाता जाता ओरडला, "तू जंगलखात्याची गाडी आण!" तिथं फोन लागतच नाही. मी रस्त्याकडे पळाले.

अन् खरंच गाडी आली! नाकेदार अन् ब्लोअरवाली चार माणसं. मी गाडीला आडवी झाले.

"साहेब, चला लवकर! आग नाल्यात आली, घरचे एकटेच झोडपून राहिले!"

त्यानं मोबाईल दाखवला. आग कुठं आहे त्याचा ठिपका वरून, सॅटेलाइटवरून येतो म्हणे. ठिपका टेकडीवर होता.

"अगोदर पॉईंटवर जा लागते, भाभी. तिथला फोटो गेल्याशिवाय हा ठिपका बंद होत नाही. वरून फोनावर फोन येऊन राहिले."

"अहो, तिथं तर जळून कोळसा झाला! आग चालत असते, साहेब. तुमच्या ठिपक्यावर बसून थोडीच राहते!"

"दहा मिनिटं. तुम्ही बसा गाडीत, तिथून सरळ नाल्यात उतरू."

गाडी त्याची, माणसं त्याची, ब्लोअर त्याचे. मी बसले. पायी परतले असते तर फांदी घेतलेली आणखी एक बाई, एवढंच.

टेकडीवर नुसती राख होती. एखादं खोड धुमसत होतं. माणसांनी हिरव्या फांद्या तोडल्या अन् राखेवर मारायला लागली. राखेवर, बाप्पा! फोटोत माणसं आग विझवताना दिसली पाहिजेत ना. पहिल्या फोटोवर जागेचे आकडे उमटले नाहीत, म्हणून पुन्हा मारल्या. मग फोनवरून वरचा कोणी म्हणाला, गावातलं कोणी आहे का, गावकऱ्यांचा सहभाग दिसू द्या. नाकेदारानं माझ्या हातात फांदी दिली.

"दोनच मिनिटं, भाभी. इकडे पाहा."

मी तोंडाला येईल ते बोलले. त्याच्या खानदानात कोणाला सोडलं नाही. पण फांदी उगारली, कारण त्याशिवाय गाडी हलणार नव्हती. फोटो गेला, मोबाईलवर हिरवी खूण आली. आग विझली.

नाल्यात उतरलो तेव्हा आग अर्ध्या बगीच्यातून पुढे गेली होती. खोटं कशाला बोलू, त्या माणसांनी जीव तोडून काम केलं. ब्लोअर लावले, आगीपुढचा पाला उडवला अन् पाव तासात विझवली. पाव तासात! हेच तर मला झोंबतं.

संत्र्याचं झाड भडकून जळत नाही. बुडाचं गवत पेटतं, ड्रिपच्या नळ्या वितळतात, साल भाजते, पानं करपतात. सगळ्या शेतात कोणी संत्रं सोलावं तसा वास सुटला होता. नवरा झाडांच्या मधात बसला होता, हातात फांदीचा नुसता दांडा. भुवया जळालेल्या, उजव्या हाताची कातडी सोलून निघालेली.

"उशीर झाला," मी म्हटलं.

"हाव," तो म्हणाला.

पानं गळली, मागोमाग ती बोराएवढी फळं. सकाळी बगीच्यात जाऊन बसणं त्यानं सोडलं.

पुढच्या वर्षी उन्हाळा लागायच्या आधी पंचायतीसमोर मंडप लागला. वणव्याची जनजागृती. मला शाल-नारळाचं बोलावणं होतं, नवऱ्याला नव्हतं. मी म्हटलं, "चुलीत घाला तुमची शाल." पण नवरा म्हणाला, "चाल, साहेब लोक येऊन राहिले, लाईनचं सांगू. अर्धा बगीचा हाये अजून." म्हणून गेलो.

मंडपाच्या तोंडाशीच बॅनर होता. त्यात मी, पदर खोचलेला, फांदी उगारलेली, तोंड उघडं. लोक म्हणाले, केवढा जोर लावून राहिली बाई! अरे, जोर कुठला, शिव्या देऊन राहिली होती मी.

नवरा बॅनरसमोर उभा राहिला. तो बॅनरवरच्या माझ्याकडे पाहतच नव्हता. फोटोत माझ्या खांद्यामागे, दूर खाली, झाडीतून पांढरा धूर वर चढत होता. मी तो तोवर पाहिला नव्हता. नाकेदार शाल घेऊन बाजूलाच उभा होता. नवऱ्यानं उजवा हात वर केला. कातडी अजून गुलाबी, गुळगुळीत होती. त्या धुराच्या बुडाशी त्यानं बोट टेकवलं.

"साहेब," तो म्हणाला, "इथं मी हाओ."