घरच्यांनी पाहण्यासारखा नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही — आणि तिला तरी सांगायला हवं होतं, आई तिची होती. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. एवढंच.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. मी यवतमाळला कचेरीत कारकून. पण गल्लीत माझा मान होता तो वेगळ्याच कामाचा. नवा पिक्चर लागला की पहिल्या दिवशी मी बघून यायचो आणि घरच्यांना चालेल की नाही ते सांगायचो. मी "चालेल" म्हटलं की दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या बाया बायकांच्या खेळाला निघायच्या. "नाही" म्हटलं की संपलं. केवढा तोरा होता मला! कमल, माझी बायको, हसायची. म्हणायची, "सरकारनं पास केला, आता आमचे साहेब करतीन."

त्या उन्हाळ्यात कमलचं पोट दुखायला लागलं. नागपूरच्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं — कॅन्सर, फार तर दिवाळी. बाहेर बाकावर ती पोरीची वेणी घालत बसली होती. मी सांगितलं, आतड्याला सूज आहे, पथ्य पाळायचं. असं खोटं तेव्हा सगळेच बोलत. त्याबद्दल मी बोलत नाहीये.

मग तो पिक्चर आला. टांग्यावर भोंगा लावून दोन दिवस ओरडत होते — पोट धरून हसा, सहकुटुंब या! कितीतरी दिवसांनी कमल उठून खिडकीशी गेली. "हा पाहूच आपण. मले हसाचं हाय."

मी आधी बघायला गेलो. हसलो, खूप हसलो. मध्यंतरानंतर कळलं, त्या हसवणाऱ्या माणसाला बरं न होणारं दुखणं आहे. घरचे त्याच्यापासून लपवतात आणि त्याला सगळं ठाऊक असतं. शेवटी तोच सगळ्यांना जवळ बसवून बोलतो, मग सगळं घर रडतं आणि हसतंसुद्धा. वावगं एक अक्षर नव्हतं त्यात. घरच्यांनी मिळून बघावा असा पिक्चर मी दुसरा पाहिलेला नाही.

बाया ओट्यावर वाट बघत होत्या, कमलही होती. मी म्हणालो, "चावट हाय. घरच्यायनं पाहासारखा नाही."

तिला जपलं, असं वाटतंय तुम्हाला? मीही तसं वाटून घ्यायचो. खरं हे की मी घाबरलो. तो पिक्चर बघून घरी आल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं असतं तर — मी काय केलं असतं?

पण कबूल करायचंय ते हेही नाही. बघा, अजून टाळतोय मी.

आठवड्याभराने तिची औषधाची पुडी शोधताना तिच्या बटव्यात तिकिटाचा अर्धा तुकडा सापडला. बायकांच्या खेळाचं, तोच पिक्चर लागला होता त्या आठवड्याचं. दुखत्या पोटानं ती एकटीच जाऊन आली होती, गल्लीत कुणालाही न सांगता. माझा शब्द खाली पडू नये म्हणून? मी तो तुकडा होता तसा ठेवला आणि बटव्याची नाडी आवळली.

म्हणजे तिला माहीत होतं. आणि तिला माहीत आहे, हे मला माहीत होतं. चार महिने! चार महिने आम्ही मऊ भात आणि ताकाबद्दल बोललो.

तिनं कितीदा विषय काढून दिला. पोरीचे केस विंचरता विंचरता म्हणायची, "अहो, त्या पिक्चरमधी काय होतं, सांगा ना मले." मी म्हणायचो, चावट होता, सांगण्यासारखं काही नाही. ती मान हलवायची. तिला किती बोलायचं असेल — पोरीबद्दल, माझ्याबद्दल, तिच्या भीतीबद्दल. मी ते बोलूच दिलं नाही. एकटीनं मरायला लावलं तिला, शेजारी बसून.

दिवाळीच्या आधीची एक दुपार. तिला आता उठवत नव्हतं. माझा हात धरून तिनं विचारलं, "खरंच चावट होता का हो?"

"हो," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. मग हात काढून घेतला, आणि पोरीची शाळा किती वाजता सुटते ते विचारलं.