तटावर न मावणारी फौज

रेमंड टकवेलला माणसं फारशी आवडत नसत आणि माणसांचीही त्याबद्दल काही तक्रार नव्हती. त्याची सगळी नोकरी बसमध्ये तिकिटं तपासण्यात गेली. बिनतिकिटाचा प्रवासी चेहऱ्यावरून ओळखता येतो, असं तो म्हणे. पण तिकीट काढलेल्यांकडेही तो त्याच नजरेने बघत असे. निवृत्तीनंतर त्याची बायको चार दिवस बहिणीकडे म्हणून गेली ती तिकडचीच झाली. रेमंडने घर विकलं, डर्बीजवळच्या गावात एका खोलीचा फ्लॅट घेतला आणि आठवड्यातली गुरुवारची संध्याकाळ तेवढी स्वतःची म्हणून ठेवली.

गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये युद्धखेळाचा क्लब भरत असे. बोटभर उंचीचे शिशाचे शिपाई, टेबलावर मांडलेल्या टेकड्या, मोजपट्ट्या, फासे आणि वाद घालणारे म्हातारे. क्लबचा सेक्रेटरी होता जेराल्ड ऑसिंग्टन, निवृत्त शाळामास्तर. हॉलमधल्या एकुलत्या एका कपाटाची किल्ली तो गळ्यात घालून हिंडे.

या दोघांचं भांडण एका फाशाचं होतं. फासा कशाला टेकून तिरका राहिला तर तो धरायचा नाही, परत टाकायचा, असा तिथला रिवाज. खूप वर्षांपूर्वी क्लबच्या अंतिम सामन्यात रेमंडला सहा पडले. फासा टेबलावरच्या खेळण्यातल्या कुंपणाला जेमतेम टेकला होता. जेराल्ड गुडघ्यांवर बसला, फाशाच्या कडेखाली त्याने कागद सरकवून दाखवला आणि फासा परत टाकायला लावला. एक पडला. चषक जेराल्डच्या घरी गेला. तेव्हापासून दोघं बोलत ते टोमण्यापुरतं. बाकीचे निरोप चहा करणाऱ्या शीलामार्फत जात.

त्या वर्षी रेमंडने वाळवंटी किल्ला बांधायला घेतला. क्लबच्या वार्षिक प्रदर्शनात तो मांडायचा होता. जेराल्डने लगेच नियम काढला: प्रदर्शनात ज्याच्यावर पूर्ण खेळ होणार नाही, त्याला कपाटात जागा नाही. रेमंडच्या खोलीत पलंग आणि टेबल सोडून काही मावत नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कपाट नाही म्हणजे किल्ला कचऱ्यात.

असा किल्ला लढवणारी वाळवंटी पलटण क्लबमध्ये एकट्या जेराल्डकडे होती. मापासाठी रेमंडने शीलामार्फत त्यातला एक शिपाई मागवला. गोळ्यांच्या डबीत तो आला. क्लबमधले सगळे शिपाई उभे राहावेत म्हणून एक पेनीच्या नाण्यावर चिकटवलेले असत, तसाच तोही. तटामागची फांजी, म्हणजे पहारेकरी उभा राहतो ती वाट, रेमंडने बरोबर त्या नाण्याएवढी ठेवली. हिवाळाभर तो निळा फोम कापत राहिला. वर पुट्टीचा हात दिला, पुट्टीवर वाळू आणि वाळूवर तीन रंग. दारं कॉफी ढवळायच्या काड्यांची. जेवायला टेबल उरलं नाही, म्हणून तो पलंगावर बसून टोस्ट आणि बीन्स खाई.

प्रदर्शन गावच्या शाळेत होतं. त्या सकाळी जेराल्डने डबे उघडले. रेमंडने पहिला शिपाई फांजीवर ठेवला. तो झुकला आणि डोक्यावर वाळूत पडला. दुसरा पडला. तिसरा रेमंडने उलटा करून पाहिला. पायाखाली दोन पेन्सचं नाणं होतं, पेनीपेक्षा चांगलं रुंद.

"नाताळात सगळे नव्याने चिकटवले," जेराल्ड म्हणाला. "पेनीवर कलंडायचे रे. शीला बोलली नाही तुला?"

"माझं नाव मध्ये आणू नकोस हं," शीला चहाच्या टेबलामागून ओरडली. "मला कुणी सांगितलंय?"

"असो. किल्ला दिसतो मात्र झकास. कुणाच्या तरी माशांच्या टाकीत शोभेल."

"अख्खी पलटण उखडलीस, एवढ्यासाठी?"

"संध्याकाळी मोकळाच असतो मी."

"ते दिसतंय. बायको म्हणत असेल, काहीही कर, पण माझ्याशी बोलू नकोस."

"माझी निदान घरात आहे."

रेमंडचे कान लाल झाले. तो खाली वाकला. टेबलाखाली त्याचा स्वतःचा डबा होता. त्यात बाहेरून हल्ला करायचे टोळीवाले होते, सगळे एक पेनीवरचे. एकेक काढून त्याने ते तटावर उभे करायला सुरुवात केली. एकही हलला नाही.

"हे काय चाललंय?" जेराल्डने विचारलं.

"किल्ला काल पडला. तुझे लोक झोपा काढत होते. आता तो परत घेऊन दाखव."

"असं कुठल्या इतिहासात आहे?"

"इतिहास गेला खड्ड्यात. खेळायचं नसेल तर सांग, सेक्रेटरीसाहेबांनी माघार घेतली म्हणून शीला ओरडून सांगेल. रांग बघ केवढी लागलीय."

बघ्यांची रांग लागली होती खरी. जेराल्डला आपली पलटण उघड्या वाळूत मांडावी लागली. तिथे आडोशाला एक खडक नव्हता. वाळवंटात खडक हवेत असं रेमंडला वाटलं नव्हतं. दुपारपर्यंत निम्मी फौज आडवी झाली. शिड्या लागल्या आणि पडल्या. दरवाजातून दोन पेन्सवाला शिपाई एका वेळी एकच शिरे आणि शिरला की मरे. बघे सँडविच खात हसत होते.

शेवटच्या फेरीत झेंडा घेतलेला जेराल्डचा अधिकारी दरवाजाशी पोहोचला. सहा हवे होते. फासा गडगडत गेला आणि बुरुजाच्या पायाशी थांबला.

"सहा!" जेराल्ड ओरडला.

रेमंडने खिशातून बसचा जुना पास काढला आणि फाशाच्या कडेखाली सरकवला. तो आत गेला.

"तिरका आहे."

"अरे, केसभर आहे!"

"तेव्हाही केसभरच होता."

परत टाकला. दोन पडले. अधिकारी झेंड्यासकट आडवा झाला आणि खेळ संपला.

किल्ला उचलायला दोघं लागत. एकमेकांना शिव्या देत त्यांनी तो चर्चच्या हॉलपर्यंत आणला. जेराल्डने कपाट उघडलं.

"मधल्या फळीवर माझं फ्रेंच गाव आहे. वर ठेव."

"वर मावत नाही. बघ मोजून."

जेराल्डने मोजलं. वर मावत नव्हता, खालीही नाही. मधल्या फळीत मात्र किल्ला असा बसणार होता, की बाजूला बोट शिरलं नसतं.

"तू आधी कपाट मोजलंस," जेराल्ड हळूच म्हणाला.

"मग? शिपायाच्या मापावर विसंबायला हवं होतं का?"

जेराल्डने आपलं गाव, चर्च आणि पुलासकट, दोन खेपांत मोटारीत नेऊन ठेवलं. रेमंड दार धरून उभा राहिला; मदतीला मात्र गेला नाही.