काही बरंवाईट झाल्यास

माणसाने आकाशाकडे पाहून 'मी तिथे जाणार' असं पहिल्यांदा म्हटलं, त्या क्षणी मानवजात वयात आली. हे वाक्य माझं आहे. पुण्याजवळ, मुळशीतल्या भुकूमच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या आड बसून ते मी एका मानपत्रासाठी लिहिलं, आणि लिहितानाही माझा त्यावर विश्वास नव्हता. सोसायटीच्या चेअरमननी मागणी केली होती की पहिलं वाक्य भारदस्त पाहिजे, खालचं काय वाटेल ते चालेल.

हे दोन हजार सातमधलं. परभणीकडून नोकरीसाठी आलेला मी एका आयटी कंपनीत मोबाइल फोनच्या माहितीपुस्तिका मराठीत करत असे. 'बॅटरी आगीत टाकू नये' हे वाक्य मी त्या काळात इतक्या वेळा लिहिलं की ते मला झोपेतही शुद्ध आठवायचं. चेअरमनच्या लेखी त्यामुळे मी लेखक होतो.

मानपत्र ज्यांच्यासाठी होतं ते एक कारखानदार. पंपांना लागणारे रबरी वॉशर त्यांच्या कारखान्यात तयार होत. जवळच्याच रिहे गावात त्यांचं फार्महाउस होतं आणि पतिपत्नी वर्षातला बराच काळ तिथेच राहत. एका परदेशी कंपनीने पैसेवाल्या लोकांना अवकाशात नेऊन आणायची तिकिटं काढली होती, त्यातलं एक यांनी घेतलं. वातावरणाच्या कडेपर्यंत जायचं, चार-पाच मिनिटं तरंगायचं, काळं आकाश बघायचं आणि निघालो तिथेच परत उतरायचं. आमच्या चेअरमनना हे कळलं आणि त्यांनी गावाच्या वतीने सत्कार ठरवला. गावाला विचारलं होतं की नाही, ते मला माहीत नाही, कारण सत्कार ऐन भातलावणीत ठेवला होता.

शाळेच्या हॉलमध्ये निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मागे फ्लेक्स होता. त्यावर कारखानदारांचा चेहरा एका परक्या माणसाच्या अवकाशी पोशाखावर चिकटवलेला, आणि खाली 'आपल्या मुळशीचे अंतराळवीर'. ते अजून पौडच्या पलीकडे कुठे गेले नव्हते, निदान त्या कामासाठी. शाल झाली, नारळ झाला, मानपत्र वाचून झालं. माझ्या पहिल्या वाक्याला टाळ्या पडल्या. लाउडस्पीकर बाहेर रस्त्याच्या दिशेने लावला होता, त्यामुळे 'अंतराळवीर' हा शब्द खाचरांत वाकलेल्या बायकांपर्यंतही पोचत राहिला.

नंतर फार्महाउसवर जेवण होतं. स्वयंपाकघरात मी पाणी प्यायला गेलो तेव्हा कारखानदारांच्या पत्नी, त्यांना सगळे वहिनी म्हणत, पानं वाढत होत्या. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या डोंगरावरच्या वाडीतल्या एक म्हाताऱ्या मावशी लावणीतून तशाच आल्या होत्या. पोटऱ्यांपर्यंत चिखल, डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद. दारातच उभ्या राहून त्यांनी विचारलं,

"ताई, सायबास्नी वीर म्हंत्यात, मंग ते गेलं कवा?"

वहिनींना कळलं नाही. मावशींनी समजावून सांगितलं, जसं एखाद्या शहरातल्या माणसाला भात आणि गवत यांतला फरक सांगावा. "आमच्यात मेल्याबिगर कुनी वीर हुत न्हाई. मानूस अवकाळी गेला की त्येचा चांदीचा टाक करत्यात, द्येवात बसिवत्यात. आन् हे तर बाहेर जेवाय बसल्यात."

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि मला विचारलं, कंपनीचा जो कागद आलाय, ज्यावर माझी पण सही पाहिजे म्हणतात, तो तुम्ही मराठीत करून द्याल का.

कागद म्हणजे बारीक अक्षरातली चौदा पानं. कारखानदारांनीच दुसऱ्या दिवशी माणसाबरोबर पाठवली, वर चिठ्ठी: जरा सौम्य भाषेत करा, ती लगेच घाबरते.

मी आयुष्यभर सूचना लिहीत आलोय, पण इतका सरळ कागद पाहिला नव्हता. त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की तिथल्या सरकारने हे यान माणसं नेण्यासाठी सुरक्षित असल्याचा दाखला दिलेला नाही, आणि हे समजून-उमजून मी जात आहे. तिकीट घेणाऱ्याला त्यात कुठेही प्रवासी म्हटलेलं नव्हतं, 'सहभागी' म्हटलं होतं. का, ते मला दोन दिवसांनी उमगलं. पौडहून एस.टी.ने येणारा माणूस प्रवासी असतो. त्याला सुखरूप उतरवायची जबाबदारी कुणावर तरी असते. सहभागी माणूस लग्नात असतो, दिंडीत असतो, आणि अपघातातही असू शकतो. शेवटची तीन पानं घरच्यांसाठी होती. सहभागीचा मृत्यू झाला तर पत्नी, मुलं, वारस कुणीही कंपनीवर दावा करणार नाहीत, असं पत्नीने मान्य करायचं होतं.

मूळ कागदात मृत्यूला मृत्यूच म्हटलं होतं. चिठ्ठी समोर होती. आपल्याकडे अशा वेळी जो शब्द वापरतात तो मी वापरला: काही बरंवाईट झाल्यास. वाक्य छान बसलं. एवढं छान की पुढेही तेच वापरलं.

त्याच आठवड्यात पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्याच धंद्यासाठी इंजिनाचे भाग तयार करणाऱ्या एका ठिकाणी जमिनीवरच्या चाचणीत स्फोट झाला आणि काही कामगार गेले. यान उडालं नव्हतं. कुणी कुठे निघालं नव्हतं. मी कारखानदारांना फोन केला. त्यांनी बातमी वाचलेली होती. म्हणाले, "ते कामगार होते हो. त्यांचा कागद वेगळा असतो." आणि वहिनींना उगाच सांगू नका, असंही म्हणाले. मी बरं म्हणालो. ते बरं मला अजून टोचतं. माझ्या कंपनीत एका चार्जरच्या खोक्यावर 'जीवितास धोका' हे दोन शब्द ठळक हवेत की साधे, यावर आम्ही चौघांनी एक आख्खी दुपार घालवली होती. इथे मी कुणाला न विचारता एका माणसाचा मृत्यू सातदा पुसला होता.

रविवारी सकाळी कागद घेऊन रिह्याला गेलो. व्हरांड्यात तिघंच होतो. वहिनींनी चष्मा लावला आणि चौदा पानं शाळेतल्या बाईंसारखी ओळ न सोडता वाचली. कारखानदार मध्येच उठून कुंड्यांना पाणी घालून आले. मी दोनदा चहा संपवला.

"भाऊजी, हे बरंवाईट म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, म्हणजे काही झालं तर.

"बरं झालं तर माझी सही कशाला लागेल?"

कारखानदार म्हणाले की भाषा असतेच तशी कायद्याची. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मूळ शब्द काय आहे, ते मला विचारलं. मी सांगितला. किती ठिकाणी आहे, विचारलं. मी मोजून सांगितलं, सात. त्यांनी टिपॉयवरचं पेन माझ्या पुढे केलं. मी त्यांच्यासमोर सात ठिकाणी बरंवाईट खोडून वर मृत्यू लिहिलं. पाचव्या ठिकाणी जागा नव्हती, तिथे समासात बाण काढला.

"आणखी काही सौम्य केलंय?"

कागदात नाही, मी म्हणालो, आणि मग बातमी सांगितली. कारखानदारांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्यांच्या कारखान्यात असतो तर त्या दिवसापासून नसतो. ते कामगार होते, त्याचा या कागदाशी काही संबंध नाही, असं त्यांनी पत्नीला शांतपणे सांगितलं.

"त्यांच्या बायकांनी सही केली होती का?"

हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. मग वहिनींनी कागद नवऱ्याच्या हातात दिला आणि सही करते म्हणाल्या, फक्त शेवटची तीन पानं त्यांनी मोठ्याने वाचायची. कारखानदार हसले. भाषणांची सवय असलेला माणूस, आवाजही चांगला. 'मी, सहभागीची पत्नी' असं त्यांनी ऐटीत सुरू केलं. पहिला मृत्यू त्यांनी पटकन ओलांडला. दुसऱ्याला जरा अडखळले. तिसरं वाक्य असं होतं की सहभागीच्या मृत्यूनंतर त्याचे अवशेष मिळतीलच याची कंपनी हमी देत नाही. ते वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं, पाणी मागितलं, पाणी प्यायले, आणि पुन्हा सुरू केलंच नाही. मला म्हणाले, तुमचं मराठी फार जड आहे.

वहिनी म्हणाल्या, "मला समजलं." पेनाला त्यांनी टोपण लावलं. भांडण झालं नाही. झालं असतं तर मला परत निघायला सोपं गेलं असतं. दारापर्यंत सोडायला कुणी आलं नाही आणि ते बरोबरच होतं.

सह्यांना महिनाअखेरची मुदत होती. तेवढ्या दिवसांत कारखानदारांनी मला एकदाही फोन केला नाही. चेअरमनकडून कळायचं ते असं की घरात दोघं एकमेकांशी फक्त पाण्याच्या मोटरीविषयी बोलतात. मी ऑफिसात बॅटरीविषयी लिहीत होतो आणि मनात विचार यायचा की ती सही झाली, तो माणूस वर गेला आणि परत आला नाही, तर माझ्या हस्ताक्षरातले सात शब्द त्या घरात कुठल्या कपाटात राहतील. आणि सही झालीच नाही, तर एका माणसाच्या आयुष्यातली एकुलती एक वेडी इच्छा मी आणि माझ्या बाणाने मारली, असंही होतं. दोन्हींपैकी कुठल्याही बाजूने मला मोकळं वाटत नव्हतं.

मुदत उलटून गेल्यावर वहिनींचा निरोप आला. गेलो तर दोघंही व्हरांड्यात बसलेले. सही झालेली नव्हती. कौटुंबिक कारणामुळे दोन महिन्यांची मुदतवाढ द्यावी, असं कारखानदारांनी कंपनीला कळवलं होतं आणि तिकडून उत्तर आलं होतं. ते त्यांनी बायकोला वाचून दाखवलं, पण तिचा विश्वास बसेना, म्हणून मला बोलावलं.

उत्तर तीन ओळींचं होतं. मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. आपलं पत्र मिळालं. सहीसाठी आपण हवा तेवढा वेळ घ्यावा. यान अजून बांधून झालेलं नाही.